बदललेल्या हृदयाची खबरबात

माणसाच्या छातीत दुसऱ्याचे हृदय बसवायला काही तास लागतात. ते हृदय तिथे नांदते आहे की नाही, याची चौकशी मात्र रुग्ण जिवंत असेपर्यंत करीत राहावे लागते. आज ही चौकशी बऱ्याच अंशी दंडातून काढलेल्या चार-दोन चमचे रक्तावर होऊ शकते. साठ वर्षांपूर्वी तशी सोय नव्हती आणि त्यामुळे अनेक रुग्ण उत्तम शस्त्रक्रियेनंतरही दगावले. या चौकशीचे शास्त्र ज्यांच्या चिकाटीमुळे उभे राहिले, ते म्हणजे अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन शमवे. जगातील पहिले हृदय प्रत्यारोपण त्यांच्या नावावर नाही. तरीही या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून वैद्यकविश्व त्यांनाच ओळखते.

शमवे यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२३ रोजी मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे झाला. बालपण जॅक्सन या गावात गेले. आई-वडिलांचा दूध-लोण्याचा व्यवसाय होता. शाळेत नॉर्मन वादविवाद स्पर्धा गाजवायचा आणि पुढे वकील व्हायचे, हे जवळजवळ ठरलेले होते. मिशिगन विद्यापीठात त्या वाटेने शिक्षणही सुरू झाले. पण दुसरे महायुद्ध पेटले आणि १९४३ मध्ये लष्कराचे बोलावणे आले. लष्कराने त्यांना आधी इंजिनीअरिंगच्या प्रशिक्षणासाठी टेक्सासला धाडले. नंतर एक चाचणी घेऊन वैद्यक किंवा दंतवैद्यक यांतून निवड करायला सांगितले. त्यांनी वैद्यक निवडले. १९४९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते मिनेसोटा विद्यापीठात शल्यचिकित्सा शिकायला गेले.

त्या काळी मिनेसोटा म्हणजे हृदयशस्त्रक्रियेची पंढरी होती. १९५२ मध्ये तिथे डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचे शरीर थंड करून, रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवून, तिच्या हृदयातील छिद्र शिवून बंद केले. थंड केलेल्या अवयवाची प्राणवायूची गरज कमी होते, हे त्यामागचे तत्त्व. शमवे यांनी ते मनावर घेतले. केप टाउनहून आलेले ख्रिस्तियन बर्नार्डही याच विभागात काही काळ शिकत होते. पुढे जगभर गाजलेली ही दोन नावे तेव्हा एकाच छताखाली होती.

१९५८ मध्ये शमवे स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाले. वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत होते. पद कनिष्ठ होते आणि कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र चालवण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. उरलेल्या वेळात रिचर्ड लोअर या तरुण सहकाऱ्याला घेऊन ते कुत्र्यांवर प्रयोग करीत. प्रयोग साधा होता. हार्ट-लंग मशीनवर प्राण्याचे रक्ताभिसरण चालू ठेवायचे, हृदयाचा रक्तपुरवठा तासभर बंद करायचा, त्यावर बर्फाळ खारे पाणी ओतत राहायचे आणि नंतर हृदय नीट चालते का, ते पाहायचे. त्या तासाभरात करण्यासारखे काहीच नसायचे. वेळ सत्कारणी लावावा म्हणून दोघांनी हृदय कापून वेगळे करायला आणि पुन्हा शिवून बसवायला सुरुवात केली. त्याच हृदयाच्या आखूड कडा शिवणे जिकिरीचे होते. दुसऱ्या कुत्र्याचे हृदय घेतले, तर शिवायला पुरेशी कड मिळते, हे लवकरच लक्षात आले. प्रत्यारोपणाचे तंत्र असे रिकाम्या वेळातून जन्माला आले.

त्यांनी आणखी एक युक्ती काढली. हृदयाला मिळणाऱ्या सगळ्या शिरा एकेक करून जोडण्याऐवजी मूळ हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांची मागची भिंत जागेवरच ठेवायची आणि नवे हृदय त्या भिंतीला शिवायचे. त्यामुळे जोडण्या कमी झाल्या आणि वेळ वाचला. १९५९ च्या अखेरीस असे नवे हृदय बसवलेला एक कुत्रा आठ दिवस जगला. १९६० मध्ये शल्यचिकित्सकांच्या परिषदेत हा प्रयोग मांडला गेला, तेव्हा ऐकायला मोजकीच माणसे होती.

आठव्या दिवशी काय बिघडले? टाके मजबूत होते. कुत्र्याच्या रोगप्रतिकारशक्तीने नवे हृदय परके म्हणून ओळखले आणि त्यावर हल्ला केला. यालाच डॉक्टर रिजेक्शन म्हणतात. पांढऱ्या पेशी हृदयाच्या स्नायूत घुसतात, तिथे सूज येते, पेशी मरू लागतात. हा हल्ला रोखणारी औषधे तेव्हा नुकतीच येऊ लागली होती, पण ती दुधारी होती. मात्रा कमी पडली, तर हृदय जाते आणि जास्त झाली, तर साध्या जंतूंपुढेही शरीर हतबल होते. म्हणजे औषध कधी वाढवायचे आणि कधी आवरायचे, हे कळणे हाच खरा प्रश्न होता.

त्यात एक मोठी अडचण होती. हृदय काढताना त्याच्या नसा, म्हणजे मेंदूशी जोडणारे मज्जातंतू, कापले जातात. नवे हृदय स्वतःच्या लयीत धडधडते, रक्त पंप करते, पण दुखले तरी सांगू शकत नाही. हार्ट अटॅकमध्ये छातीत येते तशी कळ अशा रुग्णाला बहुधा येतच नाही. दम लागणे किंवा पायांवर सूज येणे ही लक्षणे दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. शमवे आणि लोअर यांना या मुक्या हृदयाचे म्हणणे दुसऱ्या कुठून तरी ऐकायचे होते.

ते त्यांना ईसीजीत सापडले. रिजेक्शन सुरू होऊन हृदयाच्या भिंती सुजल्या, की ईसीजीतील उंच रेषांची उंची घटते. रोजच्या आलेखात रेषा खुजी दिसू लागली, की औषध द्यायचे आणि उंची पूर्ववत झाली, की थांबायचे. या पद्धतीने कुत्रे महिनोन्महिने जगू लागले. १९६५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्यारोपित हृदयाचा पुढचा मार्ग एका मोजमापावरून ओळखण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न होता.

१९६७ च्या अखेरीस माणसावर ही शस्त्रक्रिया करण्याची तयारी झाल्याचे शमवे यांनी जाहीर केले. योग्य दात्याची वाट पाहणे सुरू होते. दरम्यान लोअर व्हर्जिनियातील रिचमंडला गेले होते. तिथे मूत्रपिंड प्रत्यारोपण शिकायला आलेल्या बर्नार्ड यांनी कुत्र्यावरील हृदय प्रत्यारोपण पाहिले होते. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमध्ये बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले आणि एका रात्रीत ते जगप्रसिद्ध झाले. त्यांचा रुग्ण अठरा दिवस जगला. त्याचा शेवट कसा झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. फुप्फुसांच्या एक्स-रेमध्ये डाग दिसू लागले. डॉक्टरांना ते रिजेक्शनचे परिणाम वाटले आणि त्यांनी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवली. प्रत्यक्षात तो न्यूमोनिया होता. नवे हृदय चांगले चालत असताना रुग्ण न्यूमोनियाने गेला. रिजेक्शन आणि जंतुसंसर्ग यांचे उपचार एकमेकांच्या नेमके उलटे असतात. तेव्हा त्या दोहोंत फरक करणारी खात्रीची तपासणी कोणाकडेच नव्हती.

६ जानेवारी १९६८ रोजी शमवे यांनी अमेरिकेतील प्रौढ व्यक्तीवरचे पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण पोलाद कारखान्यातील ५४ वर्षांचा कामगार होता. बातमीसाठी पत्रकार रुग्णालयाच्या भिंतींवर चढून शस्त्रक्रियागृहात डोकावू पाहत होते. प्रसिद्धीचे वावडे असलेल्या शमवे यांना हे सारे नकोसे झाले. रुग्ण जेमतेम दोन आठवडे जगला. नव्या हृदयाने साथ दिली होती, पण दीर्घ आजाराने त्याचे यकृत आणि मूत्रपिंडे आधीच खचलेली होती. रक्तस्राव आणि एकामागून एक अवयव निकामी होणे यात त्याचा अंत झाला.

या मृत्यूने शिकवलेला धडा आजही लागू आहे. प्रत्यारोपणानंतर रुग्ण किती टिकेल, याचा अंदाज शस्त्रक्रियेच्या आधीच्या रक्ततपासणीतूनही येतो. यकृताची अवस्था सांगणारे बिलिरुबिन आणि मूत्रपिंडाची अवस्था सांगणारे क्रिएटिनिन, या दोन साध्या तपासण्या आजच्या जोखीम मोजण्याच्या गणितात महत्त्वाच्या मानल्या जातात. दात्याचे हृदय दुर्मीळ असते. ते ज्याला उपयोगी पडेल, त्यालाच द्यावे लागते. शमवे यांच्या चमूने पुढे रुग्णांच्या निवडीचे काटेकोर निकष बसवले, त्यामागे हाच अनुभव होता.

१९६८ या एका वर्षात जगभरात शंभरहून अधिक हृदय प्रत्यारोपणे झाली. मुंबईही त्यात मागे नव्हती. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी कुत्र्यांवर अनेक वर्षे प्रयोग केले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी भारतातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. जगातील पहिल्या अर्धा डझन प्रत्यारोपणांत त्याची गणना होते. रुग्ण काही तासांतच दगावला. जगात इतरत्रही चित्र फारसे वेगळे नव्हते. बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा महिन्यांत गेले. ज्यांनी घाईने ही शस्त्रक्रिया सुरू केली होती, त्यांनी तितक्याच घाईने ती बंद केली. १९७०-७१ पर्यंत जगातील वार्षिक संख्या वीसच्या आसपास आली. हृदय प्रत्यारोपण ही चूकच होती, असे म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला.

शमवे थांबले नाहीत. स्टॅनफर्डमध्ये संथपणे, एकेक रुग्ण करीत काम चालू राहिले. प्रत्येक मृत्यूनंतर शवविच्छेदनाचे निष्कर्ष तपासले जात आणि पद्धतीत बदल होई. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे हृदय काढणे कायद्याने योग्य की अयोग्य, हा वादही त्यांना अंगावर घ्यावा लागला. त्यासाठी ते न्यायालयात साक्षीला उभे राहिले. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाने मेंदूमृत्यूला कायद्याने मान्यता दिली.

रिजेक्शन ओळखण्याची पुढची पायरीही स्टॅनफर्डमध्येच गाठली गेली. ब्रिटनहून आलेले तरुण शल्यचिकित्सक फिलिप केव्ह्ज यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक लवचीक, बारीक चिमटा विकसित केला. मानेजवळच्या शिरेतून तो थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात न्यायचा आणि आतून स्नायूचे मोहरीएवढे चार-पाच तुकडे काढायचे. मानेपुरती भूल पुरते आणि रुग्ण जागाच असतो. हे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रिजेक्शनची प्रतवारी ठरवण्याची पद्धत मार्गारेट बिलिंगहॅम यांनी बसवली. आता अंदाजाऐवजी पुरावा मिळू लागला. प्रतिकारशक्तीच्या पेशी रक्तात किती आहेत, हे मोजून औषधाची मात्रा ठरवण्याचेही प्रयत्न झाले. १९६८ मध्ये स्टॅनफर्डमधील दर पाच रुग्णांपैकी जेमतेम एक जण वर्षभर जगत होता. दहा वर्षांनी दर तिघांपैकी दोघे जगू लागले. केव्ह्ज मात्र हे फळ फार काळ पाहू शकले नाहीत. १९७८ मध्ये वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

डिसेंबर १९८० मध्ये स्टॅनफर्डमध्ये हृदय प्रत्यारोपणासाठी सायक्लोस्पोरिन हे नवे औषध वापरायला सुरुवात झाली. ते एका बुरशीपासून मिळाले होते. रिजेक्शनचा जोर त्याने बराच ओसरला आणि जगभर बंद पडलेली प्रत्यारोपण केंद्रे पुन्हा सुरू झाली. पुढच्याच वर्षी, ९ मार्च १९८१ रोजी, ब्रूस राइट्झ यांच्यासह शमवे यांनी हृदय आणि फुप्फुसे एकत्र बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. ती रुग्ण महिला पाच वर्षे जगली.

सायक्लोस्पोरिनने एक गोष्ट हिरावूनही घेतली. या औषधामुळे रिजेक्शनच्या वेळी हृदयाला पूर्वीसारखी सूज येईना. साहजिकच ईसीजीतील रेषाही खुज्या होईनात. ज्या खुणेवर शमवे यांनी कुत्रे जगवले होते, ती खूणच भरवशाची राहिली नाही. बायोप्सीवरचे अवलंबन वाढले. पहिल्या वर्षी आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने, अशा डझनभर बायोप्सी एकेका रुग्णाच्या वाट्याला येऊ लागल्या. त्यात क्वचित हृदयाला छिद्र पडते, कधी झडपेला इजा होते. नेमका रोगट भाग सोडून बाजूचा तुकडा चिमट्यात येऊ शकतो. एकाच तुकड्याबद्दल दोन तज्ज्ञांचे मत वेगळे पडू शकते. शिवाय तुकड्यात काही दिसेपर्यंत हल्ला सुरू झालेला असतो.

शमवे १९९३ मध्ये निवृत्त झाले. शस्त्रक्रियेत धाकट्या सहकाऱ्याच्या हाती सुरी देऊन स्वतः मदतनिसाच्या जागी उभे राहायचे, ही त्यांची ख्याती होती. जगातला सर्वोत्तम पहिला मदतनीस आपणच, अशी थट्टा ते करीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले शल्यचिकित्सक अनेक मोठ्या केंद्रांचे प्रमुख झाले. त्यांची मुलगी सारा हीदेखील मिनेसोटात हृदय प्रत्यारोपण करणारी शल्यचिकित्सक झाली. १० फेब्रुवारी २००६ रोजी, ८३ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, फुप्फुसाच्या कर्करोगाने शमवे यांचे निधन झाले.

त्यांनी मागे ठेवलेल्या प्रश्नाला पुढे रक्तातून उत्तर मिळू लागले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली, की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढते. हृदयाच्या भिंतींवर ताण आला, की बीएनपी वाढते. या दोन्ही तपासण्या उपयोगाच्या आहेत. सतत चढे आकडे पुढच्या धोक्याची सूचना देतात. पण इजा रिजेक्शनने झाली की अन्य कशाने, हे त्या सांगत नाहीत. दात्याच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली, तर तोही इशारा असतो.

पांढऱ्या पेशींमधील कोणती जनुके किती सक्रिय आहेत, हे पाहणारी एक तपासणी आली. २० जनुकांच्या मोजणीतून ती एक गुण काढते. अमेरिकेतील १३ केंद्रांमधील ६०२ रुग्णांवर तिची परीक्षा झाली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्यारोपणाला किमान सहा महिने झालेल्या या रुग्णांमध्ये रक्ततपासणीवर विसंबलेल्या गटाचे परिणाम नियमित बायोप्सीच्या गटापेक्षा वाईट नव्हते. बायोप्सी मात्र वर्षाला सरासरी तीनवरून अर्ध्यावर आल्या. या अभ्यासाच्या सूत्रधारांत हॅना व्हॅलेंटाइन होत्या. त्या १९८० च्या दशकात, शमवे विभागप्रमुख असताना, स्टॅनफर्डला आल्या होत्या.

त्यानंतरची कल्पना अधिक नेमकी होती. शरीरातील पेशी मरतात, तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. बदललेल्या हृदयाच्या पेशींचा डीएनए दात्याचा असतो, रुग्णाचा नव्हे. म्हणजे रक्तात दात्याचा डीएनए किती टक्के आहे, हे मोजले तर हृदयाच्या किती पेशी मरत आहेत, हे कळायला हवे. १९९८ मध्ये हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी मूत्रपिंड आणि यकृत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या रक्तात दात्याचा डीएनए दाखवला होता. २०११ मध्ये स्टीफन क्वेक, व्हॅलेंटाइन आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये ही पद्धत हृदयासाठी वापरली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात हे प्रमाण पाव टक्क्याच्या खाली असल्यास तीव्र रिजेक्शन नसल्याची खात्री ९९ टक्के होती. प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या रिजेक्शनमध्ये बायोप्सीत दोष दिसण्याच्या सुमारे तीन महिने आधी हे प्रमाण वाढू लागले होते. ईसीजीच्या खुज्या रेषेवर नजर ठेवणाऱ्या शमवे यांना इतकी आगाऊ सूचना कधीच मिळाली नव्हती.

या तपासण्यांनाही मर्यादा आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दात्याचा डीएनए एरवीही जास्त असतो. प्रमाण वाढले, तर कारण शोधायला बहुतेकदा बायोप्सीच करावी लागते. हळूहळू रक्तवाहिन्या अरुंद करणारे जुनाट रिजेक्शन या तपासण्यांना खात्रीने ओळखता येत नाही. भारतात १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. डॉ. सेन यांच्या मुंबईत त्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. डीएनएची ही तपासणी भारतात अजून सर्वत्र सहज मिळत नाही. तिथे बायोप्सी, इको आणि नेहमीच्या रक्ततपासण्यांवरच भिस्त असते.

त्यामुळे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाने प्रकृती छान वाटते म्हणून तपासणीची तारीख चुकवू नये आणि औषधाची एकही गोळी स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये. ताप आला तर घरगुती उपाय करीत बसण्याऐवजी त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे. तो ताप जंतूंचा आहे की रिजेक्शनचा, हे आधी ठरवावे लागते. १९६७ मध्ये केप टाउनला ते ठरवता आले नव्हते. आज त्यासाठी साधने आहेत, पण रुग्ण वेळेत पोहोचला तरच ती कामी येतात. आता जगभरात हृदय प्रत्यारोपण झालेले निम्म्याहून अधिक रुग्ण दहा वर्षांपुढे जगतात. सकाळी रक्ताचा नमुना देऊन ते आपापल्या कामाला जातात आणि त्यांच्या मुक्या हृदयाची खबर संध्याकाळी किंवा चार दिवसांनी डॉक्टरांच्या टेबलावर येते.